उवा, सीताफळाच्या बिया आणि फणीचं वेळापत्रक

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून तिच्या डोक्यात तिसऱ्यांदा उवा झाल्यात. दुकानातलं औषध दोन वेळा आणून लावलं. आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा खाजवायला लागते. सासूबाई म्हणतात, सीताफळाच्या बिया वाटून लावू, एका दिवसात डोकं साफ होईल. शेजारच्या काकूंनी कापूर आणि खोबरेल सांगितलंय. आता शाळेतून चिठ्ठीही आलीय. केसच कापून टाकावेत का? घरगुती उपायांतलं खरोखर काय लागू पडतं आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करायचं?

उत्तर :

सगळ्यात आधी सीताफळाच्या बिया. वाटल्या नसतील तर वाटू नका. वाटून ठेवल्या असतील तर ती पूड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, मिक्सरचं भांडं तुम्ही स्वतः धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका. एवढं झालं की बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी पुण्यात त्वचारोगांची डॉक्टर म्हणून काम करते, त्याला आता सव्वीस वर्षं होतील. सासवड-पुरंदरची सीताफळं मंडईत ढिगाने यायला लागली की मला थोडी धास्तीच वाटते, कारण फळ खाऊन झाल्यावर बिया फेकायच्या नसतात हे आपल्याकडच्या कित्येक घरांत पक्कं ठरलेलं असतं. बिया गच्चीवर वाळतात, डब्यात जातात आणि दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं आली की डब्यातून बाहेर निघतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सुट्टीत दहा वर्षांची एक मुलगी रात्री आली. दुपारी आजीने बियांचा लेप लावून डोक्याला पंचा बांधला होता, संध्याकाळी न्हायला घातलं. धुताना पाणी डोळ्यांत गेलं. तेव्हा थोडं झोंबलं, म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नाही. रात्री नऊच्या सुमाराला तिला डोळेच उघडेनात, दिव्याचा उजेड सहन होईना, नुसतं पाणी वाहत होतं. डोक्याचं प्रकरण म्हणून तिला माझ्याकडे आणलं होतं. मी तिथूनच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर दोन्ही डोळ्यांत सोलवटला होता. आठवडाभरात बरी झाली, नजर शाबूत राहिली. आजी मात्र त्या रात्री माझ्या बाकड्यावर बसून ज्या चेहऱ्याने रडल्या, तो चेहरा मी विसरलेले नाही.

तुमच्या सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, हे त्यांना जरूर सांगा. सीताफळाच्या बियांनी उवा खरोखर मरतात. त्या बियांत जी द्रव्यं असतात ती पेशीची ऊर्जा तयार करायची यंत्रणाच बंद पाडतात. ऊ मरते ती त्यामुळेच. अडचण अशी की डोळ्याच्या नाजूक पेशींनाही त्याच यंत्रणेवर जगायचं असतं. उपाय निरुपयोगी असता तर मी एवढी आग्रहाने बोललेच नसते. तुळशीची पानं उशीखाली ठेवणाऱ्यांना मी कधी अडवत नाही. सीताफळाचं पाणी कुणाच्या डोळ्यात गेलंच, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि दुखायची वाट न बघता नेत्रतज्ज्ञ गाठायचा. दुखणं काही तासांनी सुरू होतं, तोवर सगळं ठीक आहे असंच वाटत राहतं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येऊ. औषध लावलं, आठ-दहा दिवस बरे गेले, पुन्हा झाल्या. हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्या ‘आठ-दहा दिवसां’तच उत्तर आहे.

उवेची मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते. त्यांनाच आपण लिखा म्हणतो. प्रत्येक लीख ती केसाला चिकटवते, तीही टाळूच्या अगदी जवळ, अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत, कारण अंड्याला डोक्याची ऊब लागते. लीख फुटायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू तीनदा कात टाकतं आणि पुढच्या ९ ते १२ दिवसांत स्वतः अंडी घालायला लागतं. पूर्ण वाढलेली ऊ डोक्यावर महिनाभर जगते. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की लक्षात येतं, तुमचं औषध काही वाया गेलं नव्हतं. त्याने चालत्या उवा मारल्या. लिखांच्या कवचाच्या आत ते नीट पोचलं नाही. त्या लिखा आठवड्याभरात फुटल्या आणि घरातल्या सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला, ‘पुन्हा लागल्या कुठूनतरी’. बहुतेक वेळा पुन्हा लागलेल्या नसतात. त्या तिथेच होत्या. दुसरा हात ७ ते १० दिवसांनी मारायचा असतो, नव्या पिल्लांना अंडी घालायचं वय येण्याआधी. बाटलीवर ते लिहिलेलं असतं, अगदी बारीक अक्षरांत. तुम्ही दोनदा लावलंत ते बहुधा दोन वेगवेगळ्या वेळी उवा ‘झाल्या’ म्हणून. ते दोन पहिले हात झाले, दुसरा हात राहूनच गेला.

म्हणून घरगुती उपायांतलं काय चालतं या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचं आहे : फणी. बाकी सगळं, अगदी खोबरेलसुद्धा, फणीचं वंगण.

फणीचं नाव काढलं की लोकांचा चेहरा पडतो. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी आधुनिक सांगावं अशी अपेक्षा असते. फणी मात्र खरोखरच जुनी आहे. इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन शहराच्या उत्खननात २०१६ मध्ये साडेतीन सेंटिमीटरची एक हस्तिदंती फणी मिळाली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला जाड विरळ दात, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूला बारीक दाट दात, उवांसाठी. तुळशीबागेत मिळणाऱ्या लाकडी फणीची रचना हीच. त्या फणीवर पुसट अक्षरं कोरलेली आहेत हे २०२२ मध्ये जाहीर झालं. अर्थ असा, की या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून निघोत. ती अक्षरं कनानी या प्राचीन लिपीतली, आणि त्या लिपीतलं आजवर मिळालेलं हे सर्वांत जुनं पूर्ण वाक्य. माणसाने अक्षरं शिकल्यावर कोरून काय ठेवलं, तर हे! आणि दातांच्या बुडाशी उवेच्या पिल्लाचे अवशेषही सापडले.

तरी एक सांगते, लाकडी फणीचे दात हल्ली सारखे नसतात. दोन दातांत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असली तर लहान पिल्लं आणि लिखा निसटतात. औषधांच्या दुकानात लांब, ताठ दातांची स्टीलची फणी मिळते, ती घ्या. प्लॅस्टिकची नको, दात वाकतात. आजेसासूबाईंची जुनी शिसवी फणी घरात असेल आणि तिचे दात शाबूत असतील तर तीही चालेल. तशा फण्या आता कुणी करत नाही.

फणी कशी फिरवायची ते नीट सांगते, कारण नव्वद टक्के चुका इथेच होतात. (नव्वद हा माझा अंदाज हो, कुठे मोजलेला आकडा नव्हे.) आधी मुलीला डोक्यावरून न्हायला घाला, साध्याच शाम्पूने. केस ओले असतानाच भरपूर कंडिशनर चोपडा. कंडिशनर नको असेल तर पंचाने केस टिपून हाताला ओघळ येईल एवढं खोबरेल लावा. ओल्या, बुळबुळीत केसांत ऊ जागच्या जागी थबकते, कोरड्या केसांत ती पळते. कोरड्या केसांचा भांग पाडून बघितलं की ‘काहीच नाही’ असं वाटतं ते त्यामुळे. मग साध्या कंगव्याने गुंता पूर्ण सोडवून घ्या. गुंत्यात फणी घातलीत तर पोरगी रडेल आणि पुढच्या वेळी बसणारच नाही.

उजेडात बसवा, खिडकीपाशी किंवा गॅलरीत. खांद्यावर जुना पांढरा पंचा. केसांचे चार भाग करून तीन भाग चापाने वर बांधा. चौथ्या भागातली बोटभर रुंदीची एक-एक बट घेऊन फणीचे दात टाळूला टेकवा आणि टोकापर्यंत एका दमात ओढा. टाळूला टेकवणं महत्त्वाचं, कारण जिवंत लिखा तिथेच असतात. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कापडावर किंवा टिश्यू पेपरवर पुसा आणि काय निघालं ते बघा. तीच बट वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कानांमागे आणि मानेच्या वरच्या केसांत दुप्पट वेळ द्या, उवांचा मुक्काम तिथेच जास्त. कमरेपर्यंत केस असतील तर एका बैठकीला पाऊण तास सहज जातो. मुलीच्या हातात गोष्टीचं पुस्तक द्या. मोबाइल दिलात तर मान खाली जाते आणि मानेवरचेच केस नीट दिसत नाहीत.

हे कितीदा करायचं? रविवारी सुरू केलंत तर रविवार हा पहिला दिवस. मग पाचवा दिवस गुरुवार, नववा सोमवार, तेरावा शुक्रवार. या चार बैठका चुकवायच्या नाहीत. मधल्या काळात जेवढ्या लिखा फुटतील तेवढी पिल्लं वयात यायच्या आत फणीत येतात आणि साखळी तुटते. फ्रिजवर कागद चिकटवा, तारखा लिहा. मी रुग्णांना कागद लिहून देते तेव्हा औषधाचं नाव तिसऱ्या ओळीत असतं, तारखा पहिल्या ओळीत.

पाचव्या दिवशी फणीत फक्त बारीक, फिकट, तिळापेक्षाही लहान पिल्लं निघाली तर खूश व्हा. हिशेब बरोबर चाललाय. नवव्या दिवशी पूर्ण वाढलेली, तिळाएवढी करडी ऊ निघाली तर ती बहुधा बाहेरून आलेली किंवा पहिल्या दिवशी सुटलेली. मग त्या दिवसापासून पुन्हा एक धरायचा.

आणि घरातली सगळी डोकी. तुमचं, मुलीला भावंडं असतील तर त्यांचं, सासूबाईंचं, नवऱ्याचंसुद्धा. पुरुषांच्या डोक्यात होत नाहीत हा गैरसमज आहे. केस आखूड असतात म्हणून कमी होतात आणि दिसतात लवकर. ज्याच्या डोक्यात काही निघेल त्याचीही फणी त्याच तारखांना. मुलगी आजीजवळ झोपते आणि आजींचं डोकं कुणी बघितलेलंच नाही, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता आजींना आधी खुर्चीवर बसवते. ज्येष्ठांना खाज कमी जाणवते. खाज मुळात चावण्याची नसते, उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे तुम्हाला कळतं तेव्हा पाहुण्यांना येऊन महिना झालेला असतो.

फणीबरोबर औषधही हवं असेल तर त्याला माझी मनाई नाही. नोकरी करणाऱ्या आईला आठवड्यातून दोनदा पाऊण तास काढणं सोपं नसतं, हे मलाही कळतं. परमेथ्रिनचं १ टक्क्याचं लोशन दोन महिन्यांवरच्या बाळापासून पुढे वापरता येतं. दुकानात ५ टक्क्यांचं मलमही असतं, ते खरजेचं. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं नसतं, टक्केवारी वाचून घ्या. आपल्याकडे या औषधाचा घात करतं ते तेल. तेलकट केसांवर ते बसतच नाही. आधी शाम्पूने तेल पूर्ण काढा, त्या दिवशी कंडिशनर नको, केस पंचाने खसखसून टिपा, मग टाळूपासून टोकापर्यंत लावा, घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा आणि धुवा. धुताना मुलीला बेसिनवर पुढे वाकवा, डोळ्यांवर कोरडी घडी धरायला सांगा. बादलीने डोक्यावरून पाणी ओतून सगळ्या अंगावर औषध कशाला पसरवायचं? पुढचे एक-दोन दिवस डोकं धुवायचं नाही. दुसरा हात ७ ते १० दिवसांत, म्हणजे नवव्या दिवसाच्या फणीच्या वेळी जमतो. त्या दिवशी आधी शाम्पू आणि लोशन, फणी त्यानंतर, नुसत्या ओल्या केसांत. उवा या औषधाला आता पूर्वीइतक्या बधत नाहीत, हे जगभर दिसून आलंय. म्हणूनच मी औषधाबरोबर फणी सोडू देत नाही.

डायमेथिकोनचं लोशन मिळालं तर मला ते जास्त आवडतं. ते विष नव्हे, सिलिकोनचं तेल आहे. उवेच्या अंगातल्या बारीक नळ्यांत शिरून त्या बुजवतं, त्यामुळे त्याला सरावायची सोय उवेला नाही. फक्त ते लावून गॅसजवळ, देवघरातल्या निरांजनाजवळ जाऊ नका. तसली काही लोशनं पेट घेतात.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या हा डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचा भाग. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत. २०२१ च्या कोविडच्या लाटेत या गोळ्या घराघरांत आल्या आणि उरलेल्या पट्ट्या अजून कपाटांत आहेत. त्या काढून अंदाजाने देऊ नका. तुमची मुलगी आठची आहे, वजनात बसेल, पण फणी आणि लोशन दोन्ही तारखांप्रमाणे करूनही राहिल्या तरच तिथपर्यंत जायचं.

आता काकूंचा कापूर. थोड्या कापराने खाज शमते, थंड वाटतं, म्हणून गुण आला असं वाटतं. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि तेही काही मिनिटांतच. कापूर घातलेल्या तेलाची वाटी खाली राहिली आणि धाकट्याने बोट बुडवून चाटलं, एवढं पुरतं. आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्याला चिमूटभर लावल्याने आभाळ कोसळणार नाही, पण मी माझ्या घरात लावला नसता. नुसतं खोबरेल लावा. तेलाने उवा गुदमरतात असं म्हणतात ते अर्धंच खरं. ऊ श्वासाची छिद्रं मिटून घेऊन तासन् तास काढू शकते, पाण्यातही, म्हणून रोज न्हायल्याने त्या वाहून जात नाहीत. तेलाने त्या सुस्तावतात आणि फणी सरकते. आपल्याला तेवढं पुरे.

कडूनिंबाबद्दल लोक मोठ्या आशेने विचारतात. निंबोळीच्या अर्काच्या शाम्पूंच्या चाचण्या झाल्यात आणि त्यांनी उवा मरतात असं दिसलंय, पण पाला उकळून केलेल्या पाण्यात तो जोर नसतो. पाल्याच्या पाण्याने डोकं धुवायचं तर धुवा, अपाय नाही. कडूनिंबाचं तेल मात्र लहान बाळांच्या पोटात जाऊ देऊ नका. त्याने बाळं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं आपल्या देशातली आहेत. वेखंडाची पूड, रिठा, लिंबाचा रस, कांद्याचा रस : डोळे चुरचुरतात, खाजवून सोललेल्या टाळूवर आग होते, उवा राहतात. व्हिनेगरने लिखांचा गोंद सुटतो म्हणतात. तो गोंद प्रथिनाचा, केसही प्रथिनाचाच. गोंद विरघळवेल असं काही लावलंत तर केसाचं काय होईल, विचार करा. लिखा फणीने आणि नखांनीच ओढायच्या.

रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्यांची पूड, झुरळांचा खडू, ढेकणांचं औषध यांवर चर्चा नको. रॉकेलने टाळू भाजते, वाफ आणि थेंब फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि शेगडीजवळ गेलेल्या मुलीचे केस पेटतात. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. डांबरगोळीने काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपलं मूल त्यांतलं आहे का हे आधी ठाऊक नसतं. ऊ कधी कुणाला मारत नाही. डोक्यातली ऊ कुठला आजारही पसरवत नाही. ज्या उवेमुळे टायफस पसरतो ती अंगावरच्या कपड्यांतली, वेगळी. रोगापेक्षा इलाज भयंकर ही म्हण कुठे लागू पडायची असेल तर इथे.

डॉक्टरांकडे कधी यायचं? टाळूवर पिवळट खपल्या धरल्या, चिकट पाणी येऊ लागलं, उशीला वास यायला लागला, ताप आला, तर. खाजवून जंतू शिरलेले असतात, त्यावर अँटिबायोटिक लागतं. अशा वेळी मानेमागे गाठी येतात. त्या हाताला लागल्या की आई-वडील थेट टीबीच्या तपासण्या करून, सोनोग्राफीची फाइल घेऊनच येतात. मी आधी केस वर करते. निम्म्या वेळा फाइल उघडावीच लागत नाही.

दुसरं, ज्या पांढऱ्या कणांना तुम्ही लिखा म्हणताय त्या लिखाच आहेत ना, हे बघून घ्या. कोंडा फुंकरीने उडतो, बोटाने सरकतो. लीख केसाच्या एका बाजूला घट्ट बसलेली असते, नखाच्या चिमटीत धरून ओढावी लागते. आणि टाळूपासून सेंटिमीटरभर लांब गेलेली लीख म्हणजे बहुधा रिकामं टरफल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ती महिन्याभरापूर्वीची. नुसती टरफलं बघून पुन्हा औषध लावणारे खूप असतात. चालती ऊ दिसली तर चालू रोग, नाहीतर जुना पसारा.

घराची धुलाई किती करायची? थोडी. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. तिला रक्त लागतं, गादी नाही. पहिल्या फणीच्या दिवशी उशांचे अभ्रे, पंचे, स्कार्फ गरम पाण्यात धुवा आणि उन्हात घाला. कंगवे आणि फणी कढत पाण्यात दहा मिनिटं. गाद्या, सोफा, पडदे यांच्या वाटेला जाऊ नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याचा तर प्रश्नच नाही. तो वेळ कानामागच्या केसांना द्या.

केस कापू नका. सोयीसाठी खांद्यापर्यंत आखूड केलेत आणि मुलीलाही ते आवडलं तर गोष्ट वेगळी; फणी लवकर आटपते. पण ‘उवा झाल्या म्हणून’ चकोट करणं ही आठ वर्षांच्या मुलीला शिक्षा वाटते, आणि वर्गात सगळ्यांना कारण कळतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने केस कापल्यावर तीन महिने वाढदिवसांना जायचं सोडलं होतं. तिच्या उवा तेव्हाच गेल्या होत्या.

चिठ्ठीबद्दल. उवा झाल्या म्हणून मुलाला शाळेतून घरी पाठवू नये, लिखा शिल्लक आहेत म्हणून वर्गाबाहेर ठेवू नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्ससारखी बालरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते. उपचार सुरू झाले की मूल वर्गात बसू शकतं. बाईंना शांतपणे एवढंच सांगा, की उपचार सुरू आहेत, तारखा ठरल्या आहेत, पण वर्गातल्या सगळ्यांची डोकी एकाच रविवारी बघितली गेली तर फिरून येणार नाहीत. खरा उपाय हाच आहे. तुम्ही तेरा दिवस घाम गाळायचा आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने पुढच्या सोमवारी आहेर परत करायचा, असं वर्षभर चालतं. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडे जाते. रिक्षाकाकांच्या रिक्षात दाटीने बसलेली पोरं, एका मोबाइलवर वाकलेली चार डोकी, मामाकडे ओळीने घातलेल्या गाद्या. स्वच्छता-अस्वच्छतेशी तिचा संबंध नाही. रोज शाम्पू केलेलं डोकंही तिला चालतं.

एक गोष्ट आगाऊपणा म्हणून सांगते. सोसायट्यांमध्ये उवांचं नाव निघालं की बोट कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीकडे जातं. मी दोन्ही डोकी तपासलेली आहेत, आणि उलट दिशेने गेलेल्या उवाही बघितल्या आहेत. ज्यांचं पोर तुमच्या पोराबरोबर खेळतं, त्या सगळ्यांना एकाच सुरात सांगा. मावशींच्या मुलीसाठीही एक फणी आणा.

पुन्हा होऊ नयेत म्हणून लावायचं असं कुठलंही तेल मला माहीत नाही ज्यावर मी पैज लावेन. टी ट्री ऑइलच्या बाटल्या महाग असतात आणि काहींच्या कातडीला पुरळ येतं. शाळेत जाताना दोन घट्ट वेण्या, वर बांधलेल्या. स्वतःचा कंगवा, स्वतःचे चाप. आणि दर रविवारी न्हाणं झाल्यावर कानामागून चार वेळा फणी. सुट्टीत चुलत-मामे भावंडांकडून परत आल्यावर एकदा पूर्ण. लवकर सापडल्या तर चार-पाच उवांवर भागतं.

राहता राहिल्या सासूबाई. बियांना नको म्हणालात तर त्या दुखावतील, कारण त्यांनी नातीसाठी त्या जपून ठेवल्यात. फणीचं काम त्यांच्याकडेच द्या. आपल्या पिढीला जो धीर नाही तो त्यांच्या बोटांत आहे. बट वेगळी करून, नखावर लीख टचकन फोडून त्या तासभर बसतील आणि नात गोष्ट ऐकत बसेल. चष्मा नवा करून घ्या, गॅलरीत खुर्ची टाका आणि फ्रिजवरच्या कागदावर गुरुवार, सोमवार, शुक्रवार या तीन तारखांपुढे त्यांचं नाव लिहा. शुक्रवारच्या फणीत काही निघालंच, तर पुढच्या मंगळवारी आणखी एक.